बांगड्याचे कूळ आणि मासेमारीचे नियोजन

नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण झाला, की कोकण किनाऱ्यावरील मच्छीमारांचे नवे वर्ष सुरू होते. सिंधुदुर्ग जिल्ह्यात देवगडपासून वेंगुर्ल्यापर्यंत, आणि विशेषतः मालवण, सर्जेकोट, तळाशील, तोंडवळी, देवबाग, निवती या परिसरात, पावसाळ्यानंतरचे पहिले काही महिने बांगड्याच्या प्रतीक्षेत जातात. बांगड्याचा थवा किनाऱ्याजवळ आला म्हणजे रापणीला भरभरून मासळी मिळते, वाट्याला बसलेल्या प्रत्येक कुटुंबाच्या हाती चार पैसे येतात, आणि सुकवण्यासाठी व खारवण्यासाठी स्त्रियांच्या हातांना काम मिळते. थवा आला नाही, तर संपूर्ण वाडीचे वर्षाचे गणित कोलमडते.

अशा वेळी एक प्रश्न हमखास विचारला जातो. यंदा बांगडा कोठे गेला? तो खोल समुद्रात राहिला, की कारवार अथवा गोव्याच्या बाजूला कोणी पकडला, की मुळात जन्मालाच कमी आला? या प्रश्नाच्या पाठीशी आणखी मूलगामी असा दुसरा प्रश्न उभा आहे. मालवणला येणारा बांगडा हा मालवणचाच असतो काय? म्हणजे येथील बांगड्याचे एक स्वतंत्र कूळ आहे, की रत्नागिरीपासून केरळपर्यंत विहरणाऱ्या एकाच मोठ्या कुळाचा तो एक भाग आहे? वरवर पाहता हा प्रश्न केवळ शास्त्रज्ञांच्या कुतूहलाचा वाटेल. परंतु मासेमारीवर बंधने कोणी, कोठे आणि किती काळ घालावीत, याचे उत्तर बव्हंशी याच प्रश्नावर अवलंबून आहे. गेल्या काही दशकांत प्रगत झालेल्या जनुकशास्त्राने या प्रश्नावर जो प्रकाश टाकला आहे, त्याचा परिचय करून देणे हा या लेखाचा हेतू आहे.

मत्स्यसाठा म्हणजे काय?

धरणातील पाण्याचे नियोजन करावयाचे झाल्यास प्रथम धरणाची हद्द ठाऊक असावी लागते. पाणी किती आले, किती गेले आणि किती उरले, याचा हिशेब त्यानंतरच मांडता येतो. समुद्रातील माशांच्या बाबतीतही तसेच आहे. एकाच जातीचे जे मासे आपसांत प्रजनन करतात, ज्यांची वाढ, मृत्यू आणि नवी भर यांचा हिशेब एकत्रितपणे मांडता येतो, अशा समूहाला मत्स्यशास्त्रात ‘साठा’ म्हणतात. दरवर्षी किती मासे पकडले असता साठ्याला धोका पोहोचत नाही, हे ठरवण्यापूर्वी त्या साठ्याची सीमा ठरवावी लागते.

ही सीमा चुकली तर दोन प्रकारचे अनर्थ संभवतात. प्रत्यक्षात दोन स्वतंत्र साठे असताना त्यांना एकच समजले, तर एकूण उत्पादनाचा आकडा समाधानकारक दिसत असतानाच त्यांपैकी दुर्बळ साठा नकळत संपून जाऊ शकतो. याउलट, साठा एकच असताना प्रत्येक राज्याने त्याला आपला स्वतंत्र साठा मानले, तर प्रत्येकाचा हिशेब स्वतंत्रपणे बरोबर दिसूनही सर्वांची मिळून होणारी मासेमारी साठ्याच्या कुवतीपलीकडे जाते. एकाच विहिरीवर चार शेतकऱ्यांनी आपापले पंप बसवावेत आणि प्रत्येकाने ती विहीर केवळ आपलीच समजून पाणी उपसावे, तशातला हा प्रकार होय.

जुन्या पद्धती आणि त्यांच्या मर्यादा

साठ्याची सीमा शोधण्याचे प्रयत्न आपल्या देशात नवे नाहीत. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेची स्थापना ३ फेब्रुवारी १९४७ रोजी झाली. तेव्हापासून बांगडा आणि तारली या पश्चिम किनाऱ्यावरील दोन प्रमुख जाती तिच्या अभ्यासाच्या केंद्रस्थानी राहिल्या आहेत. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात या माशांच्या अंगाला खुणेच्या लहान पट्ट्या लावून त्यांना पुन्हा समुद्रात सोडण्याचे प्रयोग झाले. खूण केलेला मासा दुसरीकडे जाळ्यात सापडला, म्हणजे त्याचा प्रवास समजतो. परंतु लक्षावधींच्या थव्यातून असा मासा पुन्हा हाती लागणे आणि तो पकडणाऱ्याने त्याची खबर देणे, या दोन्ही गोष्टी दुर्मिळ असल्याने या मार्गाने मिळणारी माहिती तुटपुंजी राहते.

त्यानंतर १९७१ पासून संयुक्त राष्ट्रसंघाच्या साहाय्याने कोची येथून एक मोठा प्रकल्प राबवण्यात आला. त्यात रत्नागिरीपासून तुतिकोरीनपर्यंतच्या समुद्रात ध्वनिलहरींच्या साहाय्याने माशांच्या थव्यांचा शोध घेण्यात आला. या प्रकल्पाच्या एका नौकेला बांगड्याच्या शास्त्रीय नावावरून ‘रास्ट्रेलिगर’ आणि दुसरीला तारलीच्या शास्त्रीय नावावरून ‘सार्डिनेला’ अशी नावे देण्यात आली होती, हे येथे नमूद करण्यासारखे आहे. थवे कोठे आहेत आणि किती मोठे आहेत, हे या पद्धतीने समजते. ते थवे परस्परांचे नातलग आहेत किंवा नाहीत, हे मात्र ध्वनिलहरींना सांगता येत नाही.

तिसरा मार्ग शरीराच्या मोजमापाचा. डोक्याची लांबी, शरीराची उंची, परांतील काट्यांची संख्या यांची तुलना करून दोन ठिकाणचे मासे वेगळे आहेत काय, हे पाहिले जाते. परंतु एकाच आईबापांची दोन मुले वेगवेगळ्या अन्नपाण्यावर वाढली, तर त्यांच्या अंगकाठीत फरक पडतोच. म्हणून केवळ बाह्यरूपावरून कुळाचा निर्णय करणे धोक्याचे ठरते.

जनुकांची साक्ष

प्रत्येक सजीवाच्या पेशींत डीएनए नावाचा एक लांबलचक रेणू असतो. चार प्रकारच्या रासायनिक घटकांच्या क्रमाने त्यावर त्या जीवाच्या घडणीची सूत्रे लिहिलेली असतात. या घटकांना सोयीसाठी आपण अक्षरे म्हणू. पिढीमागून पिढी हा मजकूर नकलला जात असताना क्वचित एखादे अक्षर बदलते आणि तो बदल पुढील संततीत उतरतो. दोन समूहांचा परस्परसंबंध दीर्घकाळ तुटलेला असेल, तर त्यांच्यांत वेगवेगळे बदल साचत जातात. संबंध चालू असेल, तर एकीकडचा बदल दुसरीकडे पोहोचतो आणि दोघांत सारखेपणा टिकून राहतो. जनुकीय अभ्यासाचे सारे मर्म एवढ्या एका तत्त्वात सामावले आहे.

प्रत्यक्ष कामाची पद्धत समजण्यास अवघड नाही. निरनिराळ्या बंदरांवर उतरलेल्या मासळीतून ठराविक संख्येने नमुने निवडले जातात. प्रत्येक माशाच्या पराचा अथवा स्नायूचा लहानसा तुकडा मद्यार्कात बुडवून प्रयोगशाळेत पाठवला जातो. तेथे त्यातील डीएनए वेगळा करून त्याच्या निवडक भागाच्या असंख्य प्रती काढतात आणि त्यावरील अक्षरांचा क्रम यंत्राने वाचतात. आरंभीच्या काळात बहुधा आईकडूनच संततीकडे जाणारा, सुमारे साडेसोळा हजार अक्षरांचा जो छोटा डीएनए पेशीत असतो, त्याच्यावरच भर होता. आता संपूर्ण डीएनएवर विखुरलेल्या हजारो ठिकाणांची एकाच वेळी तुलना करता येते.

या क्षेत्रातील एक महत्त्वाचा टप्पा आपल्याच देशात गाठला गेला. २०२३ मध्ये केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तारली या माशाचा संपूर्ण जनुकीय आराखडा उलगडून प्रसिद्ध केला. त्यात सुमारे १०८ कोटी अक्षरे असून प्रथिने घडवणारी ४६,३१६ जनुके आढळली. भारतीय सागरी माशाचा असा आराखडा देशात प्रथमच तयार झाला. यापुढील अभ्यासांना या आराखड्यामुळे पक्का पाया मिळाला आहे.

रोटी-बेटी व्यवहाराचा दृष्टांत

जनुकीय तुलनेचा अर्थ कसा लावायचा, हे समजण्यासाठी आपल्या समाजातील एक दृष्टांत उपयोगी पडेल. ज्या दोन गावांत पिढ्यान्‌पिढ्या बेटी व्यवहार चालू आहे, त्या गावांतील माणसांच्या चेहरेपट्टीत साम्य आढळते. डोंगर अथवा खाडी मध्ये आल्यामुळे ज्यांचा असा व्यवहार कधी झालाच नाही, त्यांच्यांत कालांतराने वेगळेपणा दिसू लागतो. माशांच्या समूहांतही असाच व्यवहार चालतो. प्रौढ मासे एका भागातून दुसऱ्या भागात जातात. शिवाय बांगडा आणि तारली यांची अंडी व नुकतीच जन्मलेली पिले पाण्यावर तरंगत प्रवाहाबरोबर वाहत जातात. पश्चिम किनाऱ्यालगतचा प्रवाह नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात दक्षिणेकडे आणि हिवाळ्यात उत्तरेकडे वाहतो. समुद्रात डोंगर नाहीत, खिंडी नाहीत. त्यामुळे दूरदूरच्या समूहांत संबंध राहणे सोपे असते.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. दोन समूहांतील जनुकीय सारखेपणा टिकण्यास फार मोठ्या देवाणघेवाणीची गरज नसते. पिढीमागे मोजके काही मासे जरी इकडून तिकडे जाऊन तेथे प्रजनन करते झाले, तरी दोन्ही समूहांत ठळक फरक पडत नाही. दर पिढीत एका गावातून दुसऱ्या गावात दोन-चार सुना आल्या, तरी दोन्ही गावांचे रक्त एक राहते. या बारकाव्याचा नियोजनाशी कसा संबंध येतो, ते पुढे पाहू.

बांगडा आणि तारली यांबाबत काय आढळले?

२००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मंडपम, कोची आणि कारवार या तीन ठिकाणच्या बांगड्यांची शरीरमापे आणि जनुकीय खुणा या दोन्ही अंगांनी तुलना करण्यात आली. यांपैकी कारवार हे आपल्या सिंधुदुर्गाच्या दक्षिणेस, गोव्यापलीकडे लागूनच आहे. तिन्ही ठिकाणच्या बांगड्यांत स्वतंत्र साठे मानण्याजोगा लक्षणीय फरक आढळला नाही. मलेशियाच्या परिसरातील बांगड्यावर झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही दूरवरच्या समूहांत मोठे जनुकीय दळणवळण दिसून आले. बांगडा हा भटका मासा आहे, या मच्छीमारांच्या परंपरागत अनुभवाला जनुकांनी एक प्रकारे दुजोराच दिला आहे.

तारलीचे उदाहरण अधिक बोधप्रद आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात भारतीय किनाऱ्यावरील निरनिराळ्या ठिकाणच्या तारलीत ठळक जनुकीय गट दिसले नाहीत. पुढे अधिक सूक्ष्म तंत्राने भारताच्या आणि ओमानच्या किनाऱ्यावरील तारलीची तुलना झाली, तेव्हा ओमानकडील समूह वेगळा असल्याचे स्पष्ट झाले. तापमान, क्षारता, पाण्यातील प्राणवायू आणि अन्नाची उपलब्धता यांतील भिन्नतेशी जुळवून घेताना तेथील माशांच्या जनुकांत फरक पडला आहे. समुद्र एकच, जातही एकच, परंतु कुळे दोन, असा हा निष्कर्ष आहे.

या वेगळेपणाला व्यावहारिक महत्त्व आहे. तारलीचे प्रमुख क्षेत्र पूर्वी केरळ आणि दक्षिण कर्नाटकाचा किनारा हे होते. १९८० च्या दशकानंतर हा मासा उत्तरेकडे अधिकाधिक प्रमाणात मिळू लागला आणि महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरही त्याची आवक वाढली. समुद्राच्या वाढत्या तापमानाशी शास्त्रज्ञ या प्रसाराचा संबंध जोडतात. बदलत्या हवामानात कोणता समूह तग धरील, हे त्याच्या जनुकीय विविधतेवर अवलंबून असते. एखादे कूळ नष्ट झाले, तर त्याच्याबरोबर उष्ण अथवा कमी प्राणवायूच्या पाण्यात जगण्याची त्याने कमावलेली क्षमताही कायमची नाहीशी होते. बियाण्याचे जुने वाण नष्ट होण्यासारखेच हे नुकसान आहे.

कूळ एक, पण कोठारे अनेक

बांगड्याचे कूळ एकच आहे असे मानले, तर एखाद्याला सहजच वाटेल की काळजीचे कारण उरले नाही. आपल्या भागातील मासे कमी झाले, तरी शेजारून नवे येतील आणि तूट भरून निघेल. हा समज मात्र घातक आहे, आणि जनुकीय संशोधनाचा अर्थ लावताना सर्वाधिक गफलत येथेच होण्याचा संभव असतो.

वरील दृष्टांतच पुढे नेऊ. दर पिढीत दोन-चार सुना आल्याने दोन गावांचे रक्त एक राहते, हे खरे. परंतु दुष्काळाने किंवा साथीने त्यांपैकी एक गाव ओस पडले, तर त्या दोन-चार सुनांनी ते गाव पुन्हा भरणार नाही. त्यासाठी शेकडो कुटुंबांनी येऊन वसावे लागेल, अथवा उरलेल्यांची वाढ होण्यास अनेक पिढ्या जाव्या लागतील. माशांचेही तसेच आहे. जनुकीय सारखेपणासाठी मोजके स्थलांतर पुरते. रिकामा झालेला किनारा भरण्यासाठी मात्र फार मोठे स्थलांतर लागते. पहिले घडते म्हणून दुसरेही घडेलच, असे म्हणता येत नाही.

याला आणखी एक कारण जोडले पाहिजे. सागरी माशांची संख्या कोट्यवधींची असते. एवढ्या मोठ्या समूहात जनुकीय बदल अत्यंत संथ गतीने पसरतात. म्हणून शे-दोनशे वर्षांपूर्वी दोन समूहांचा संबंध तुटला असला, तरी आज त्यांच्या जनुकांत तो फरक उमटलेला दिसणार नाही. सारांश असा, की जनुकांत फरक आढळला तर साठे वेगळे आहेत हे खात्रीने सांगता येते. परंतु फरक आढळला नाही, तर साठा एकच आहे असे तितक्याच खात्रीने म्हणता येत नाही. यासाठीच जनुकीय पुराव्याला माशांच्या कानातील अस्थिकणांचा अभ्यास, शरीरमापे, प्रजननाचा काळ आणि बंदरावरील आवकेच्या नोंदी यांची जोड द्यावी लागते.

साठा ओसरण्याचा वेग किती असू शकतो, याचे उदाहरण शेजारच्या केरळनेच अनुभवले आहे. तेथे २०१२ मध्ये तारलीचे उत्पादन ३ लाख ९९ हजार टन झाले होते. २०२१ मध्ये ते अवघे ३,२९७ टनांवर आले. त्यानंतर आवक पुन्हा वाढली, हे सुदैव. समुद्रातील अन्नद्रव्य, पाऊस आणि तापमान यांतील नैसर्गिक चढउतारांचा या घसरणीत वाटा होता, तसाच अपरिपक्व व अंडी धरलेल्या माशांच्या मासेमारीचाही होता, असे संशोधकांचे मत आहे. निसर्गाचा चढउतार माणसाच्या हाती नाही. उतरत्या काळात साठ्यावर आणखी भार न टाकणे एवढेच त्याच्या हाती आहे.

नकाशावरील रेघ आणि पाण्यातील मासा

बाहेरच्या जगातही याच प्रश्नाने शासनांची परीक्षा घेतली आहे. अटलांटिक महासागरातील निळ्या कल्ल्याच्या कुपा माशाचे पूर्वेकडील आणि पश्चिमेकडील असे दोन साठे मानून १९८० च्या दशकारंभापासून ४५ अंश पश्चिम रेखांशावर हद्द आखण्यात आली. एक साठा भूमध्य समुद्रात प्रजनन करतो, दुसरा मेक्सिकोच्या आखातात. पुढील अभ्यासांतून असे दिसून आले, की कुळे वेगळी असली तरी चरण्यासाठी दोन्हीकडील मासे ही रेघ ओलांडून एकमेकांत मिसळतात. त्यामुळे एका बाजूला पकडलेल्या माशांचा भार दुसऱ्या बाजूच्या साठ्यावर पडतो. मासा नकाशा पाहून पोहत नाही, हा धडा त्यातून सर्वांना मिळाला.

आपल्याकडील सुरमई अथवा इसवण या माशाचीही स्थिती विचार करण्याजोगी आहे. हिंद महासागर कुपा आयोगाच्या कक्षेत येणाऱ्या जातींत सुरमईचा समावेश असून साठ्याच्या सीमा पुरेशा स्पष्ट नसल्याने तिचे मूल्यमापन संपूर्ण हिंद महासागराचा एकच साठा मानून केले जाते. म्हणजे मालवणच्या सुरमईचा हिशेब इराण, ओमान आणि इंडोनेशियाच्या सुरमईबरोबर एकत्र मांडला जातो. या क्षेत्रात जनुकीय अभ्यासाची निकड किती आहे, हे यावरून दिसते.

काही वेळा तर जनुके केवळ साठाच नव्हे, तर मूळ जातच वेगळी असल्याचे दाखवून देतात. ज्याला आपण पापलेट अथवा सरंगा म्हणतो आणि ज्याला २०२३ मध्ये महाराष्ट्राचा राज्य मासा म्हणून मान मिळाला, त्याची गणना दीर्घकाळ पॅसिफिक महासागरातील पापलेटाबरोबर एकाच जातीत होत असे. आपल्या समुद्रातील सरंगा ही त्याहून भिन्न जात असल्याचे भारतीय शास्त्रज्ञांच्या जनुकीय अभ्यासातून पुढे आले आणि २०१९ मध्ये तिला तिचे जुने स्वतंत्र शास्त्रीय नाव पुन्हा देण्यात आले. दुसऱ्या समुद्रातील माशाच्या वाढीचे आणि प्रजननाचे आकडे आपल्या माशाला लावणे किती धोक्याचे आहे, हे यावरून ध्यानात यावे.

कायदा आणि त्याची व्याप्ती

आपल्या राज्यघटनेनुसार किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरपर्यंतच्या प्रादेशिक समुद्रातील मासेमारी हा राज्याचा विषय असून त्यापलीकडील मासेमारी केंद्राच्या अखत्यारीत येते. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ मध्ये करण्यात आला आणि २०२१ मध्ये त्यात सुधारणा होऊन दंडाच्या तरतुदी अधिक कडक झाल्या. डॉ. व्ही. एस. सोमवंशी यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या अहवालाच्या आधारे ५ फेब्रुवारी २०१६ रोजी राज्य शासनाने पर्ससीन मासेमारीवर निर्बंध घातले. १० नोव्हेंबर २०१७ रोजी केंद्र शासनाने प्रादेशिक समुद्रापलीकडील आपल्या आर्थिक क्षेत्रात एलईडी दिव्यांच्या साहाय्याने होणाऱ्या मासेमारीस बंदी केली. २०२३ मध्ये महाराष्ट्राने ५४ जातींच्या माशांचे किमान कायदेशीर आकारमान निश्चित केले. त्याहून लहान मासे पकडू नयेत, हा त्यामागील उद्देश आहे.

या उपायांकडे जनुकीय माहितीच्या प्रकाशात पाहिले, की त्यांचा परस्परसंबंध उलगडतो. बांगड्याचे कूळ किनाऱ्यावर सर्वत्र पसरलेले असल्याने एकट्या राज्याने केलेला संयम अपुरा पडतो. म्हणून पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांची पावसाळी बंदी शक्य तितकी एकसमान असावी, हे धोरण शास्त्रशुद्ध ठरते. राज्याराज्यांतील तारखांत आणि सवलतींत जो थोडाफार फरक आहे, तो कमी होणे सर्वांच्याच हिताचे आहे. केरळने बांगड्यासाठी १४ सेंटिमीटर आणि तारलीसाठी १० सेंटिमीटर अशी किमान लांबी ठरवली आहे. एका राज्यात सोडून दिलेले पिल्लू दुसऱ्या राज्याच्या जाळ्यात जाऊ नये, अशी अपेक्षा असेल, तर किमान आकाराच्या नियमांतही राज्यांचा मेळ हवा.

दुसऱ्या बाजूने, एक कूळ असूनही प्रत्येक किनाऱ्याचे कोठार स्वतंत्रपणे रिते होऊ शकते. म्हणून स्थानिक संयमालाही पर्याय नाही. रापणीचे जाळे किनाऱ्यावरून ओढले जाते. ते थव्याच्या मागे खोल समुद्रात जाऊ शकत नाही. थवा किनाऱ्याला येईल तेव्हाच रापणकाराला त्याचा वाटा मिळतो. थवा वाटेतच घेरला गेला, तर सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त झळ त्यालाच बसते. एका रापणीवर अनेक कुटुंबे अवलंबून असतात, हे लक्षात घेतले म्हणजे मत्स्यसाठ्याचा प्रश्न हा वाडीवस्तीतील चुलीचाही प्रश्न आहे, हे पटते.

गावपातळीवर काय करता येईल?

जनुकीय संशोधन प्रयोगशाळेत होत असले, तरी त्याचा आरंभ बंदरावर होतो. कोणता मासा, कोणत्या दिवशी, कोणत्या ठिकाणी आणि किती खोलीवर मिळाला, ही माहिती नमुन्याबरोबर नसेल, तर प्रयोगशाळेतील महागड्या यंत्रालाही अर्थपूर्ण उत्तर देता येत नाही. विशेषतः अंडी धरलेल्या माशांचे नमुने प्रजननाच्या भागातून मिळाले, तरच कुळाचा निर्णय खात्रीचा होतो. ही माहिती मच्छीमारांजवळच असते. मच्छीमार सहकारी संस्थांनी नमुने गोळा करणाऱ्या संशोधकांना सहकार्य केले आणि आवकेच्या नोंदी प्रामाणिकपणे ठेवल्या, तर आपल्या किनाऱ्याचे चित्र देशाच्या अभ्यासात ठळकपणे उमटेल.

किनाऱ्यावरील ग्रामपंचायतींच्या सदस्यांना किमान आकारमानाची माहिती बंदरावर व बाजारात ठळकपणे लावता येईल. लहान मासळीला गिऱ्हाईक उरले नाही, तर ती पकडण्याचा मोहही उरणार नाही. मत्स्यव्यवसाय विभागाच्या क्षेत्रीय अधिकाऱ्यांनी नियमांची अंमलबजावणी करताना त्यामागील कारण मच्छीमारांना सांगितले, तर दंडापेक्षा पटवून दिलेली गोष्ट अधिक टिकते, याचा प्रत्यय येईल. शिक्षकांचे कार्य तर याहून मोलाचे आहे. शाळेतील मुलांनी बाजारातील बांगड्यांची लांबी पट्टीने मोजून महिनावार तक्ता तयार केला, तर विज्ञान, गणित आणि भूगोल यांचा एकत्रित पाठ त्यांना आपल्याच गावात मिळेल. त्या तक्त्यात लहान मासे वाढू लागले, तर धोक्याची पहिली सूचनाही त्यातूनच मिळू शकेल.

बांगडा मालवणचा आहे, तसाच तो कारवारचा, गोव्याचा आणि रत्नागिरीचाही आहे. तो सर्वांचा असल्यामुळे त्याच्या रक्षणाची जबाबदारी शेजाऱ्यावर टाकून कोणालाच मोकळे होता येणार नाही. शेजाऱ्याने संयम पाळावा, असे म्हणण्याचा अधिकार ज्याने स्वतः तो पाळला आहे, त्यालाच पोहोचतो. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याने लहान मासळी सोडून देण्याचा आणि पावसाळी बंदी कसोशीने पाळण्याचा आदर्श घालून दिला, तर शेजारच्या राज्यांशी एकसमान नियमांची बोलणी करताना महाराष्ट्राची बाजू निश्चितच बळकट होईल.